चार्ज दिला, चार्ज घेतला

४ जुलै, गुरुवार

पहिला भाग लागला. ‘घरात चौघं’. माझं नाव दीड सेकंद, तेही साबणाच्या जाहिरातीला चिकटून.

बघायला आम्ही चौघंच. मामा, अप्पा, होस्टेलवरून मुद्दाम आलेली स्वाती, मी. अप्पानं सेकंड शिफ्ट बदलून घेतली होती त्यासाठी.

वाळूजचे दोन कामगार होते माझ्या कागदावर. एका खोलीत राहणारे, बिनलग्नाचे, दोन पोरं वाढवणारे. पडद्यावर एक जण जिमवाला, दुसरा कॉम्प्युटरवाला. किचन आमच्या अख्ख्या खोलीएवढं. मामाचं पात्र फुलाफुलांचा एप्रन घालून कणीक मळतं आणि दर वाक्याला मागून हसण्याचं मशीन वाजतं.

अप्पा एकदा हसला. मग मामाकडं बघितलं.

शेवटी म्हणाला, “आपलं किचन लई मोठं झालं की रे.”

 मामानं उठून हात धुतले. हात स्वच्छच होते.

५ जुलै

मुंबईहून चॅनेलच्या क्रिएटिव्हचा फोन. माझ्याच वयाचा असेल, पण मला ‘बेटा’ म्हणतो. म्हणे रजिस्टर म्हणजे सोन्याची खाण आहे, असलं कुणाकडंच नाही.

नाहीच कुणाकडं. मी पाच वर्षांचा होतो. आई गेली, बापानं दुसरी केली, मामा मला पाचोडकडून बजाजनगरला घेऊन आला. त्याच खोलीत त्याचा पार्टनर अप्पा. अप्पाचा भाऊ वारला, वहिनीनं पाचोडातच दुसरं घर केलं, तिथं पोरगी नको होती. दोन वर्षांची स्वाती अप्पाकडं. आम्ही लहान असेपर्यंत दोघांनी कधी एक शिफ्ट घेतली नाही. एक फर्स्टला तर दुसरा सेकंडला. मधल्या अर्ध्या तासात गाठ पडली तर पडली, म्हणून कंपनीसारखं रजिस्टर. तारीख, शिफ्ट, काय झालं, काय बाकी, सही.

“पोरीनं दीड पोळी खाल्ली. पोराचा दात हलतोय, ओढू नये. गणित बाकी. चार्ज दिला.” खाली दुसऱ्याचं, “चार्ज घेतला.”

स्वाती दहावी झाली तेव्हा बंद केलं. एकूण सात रजिस्टरं. सातही मी फेब्रुवारीत मुंबईला दिली. घरी सांगितलं नाही. अजूनही नाही.

माझी दोनशे पानांची कादंबरी, एकही पूर्णविराम नसलेली, कुणी छापत नाही. ‘दात हलतोय’ला मात्र लगेच फोन.

९ जुलै

मामाला कंपनीतल्या पोरांनी एप्रन दिला. फुलाफुलांचा, नवा कोरा, कॅन्टीनमधे टाळ्या वाजवून. किराणावाल्यानं त्याला विचारलं, बाई घरी हायेत का? मामानं साखर घेतली आणि आला.

एप्रन खुंटीला लावला. मी म्हटलं, मामा, कॉमेडी आहे ती, लोकांना आवडतंय.

“व्हय. हसत्यातच की समदे.”

वीस वर्षं कंपनीत प्रेस मशीनवर उभा राहिलेला माणूस. त्याचा मला राग आला. भांडत का नाही? भांडला असता तर मला उत्तर देता आलं असतं, उत्तर तयार होतं माझ्याकडं.

११ जुलै

अप्पा ट्रंक उचकत होता. कालच्या भागात दाताची गोष्ट आली, ती खरंच तशी झाली का ते बघायचं होतं त्याला. मी म्हटलं बाइंडिंगला दिलीत रजिस्टरं. इतकं सहज निघालं तोंडातून.

“बाइंडिंग कशाला? मजबूत तर होती.”

स्वाती आतून म्हणाली, दादाला सगळ्याला पुठ्ठा लावायचा असतो. ती हसली. तिचं नर्सिंगचं दुसरं वर्ष. होस्टेलवरून शनिवार-रविवार येते, आज मधेच आली होती डबा न्यायला. तिला मालिका आवडते. मैत्रिणींना सांगते, त्यातली छोटी मीच आहे म्हणून.

१८ जुलै

क्रिएटिव्ह म्हणाला, छोटीची आई कुठंय? प्रेक्षक विचारतात. मग म्हणाला, तुमच्या तिसऱ्या रजिस्टरमधे एक ओळ आहे, बेटा.

ओळ मला पाठ आहे. सोळा वर्षांचा असल्यापासून. अप्पाचं अक्षर, सेकंड शिफ्टच्या आधीची नोंद: “वहिनी आली होती. पोरगी घरी नाही सांगितलं. गेली. भात झाकलाय. चार्ज दिला.”

मामाची सही खाली. “चार्ज घेतला.”

स्वाती तेव्हा सहा वर्षांची. मी कधी कुणाला काही विचारलं नाही. स्वातीला तर ही ओळ असल्याचंही माहीत नाही. तिला सांगितलेलं एवढंच की आई गेली, परत कधी आली नाही.

क्रिएटिव्हला स्पष्ट सांगितलं, हे नाही लिहिणार. फोन ठेवला.

२० जुलै

लिहिलं.

एका बैठकीत. आई दारात येते. जिमवाला घाबरून छोटीला पिठाच्या रिकाम्या कोठीत बसवतो, वर झाकण. आई नेमकी त्याच कोठीवर टेकते. चहा मागते. कोठीतून शिंक येते, तो म्हणतो मांजर आहे. मशीन हसणार, हे लिहितानाच ऐकू येत होतं. शेवटी जाताना आई दारात म्हणते, “न्यायला नाही आले. फक्त बघायला आले होते.”

कोठी माझी. शिंक माझी. ते वाक्यही माझं. आणि खरं सांगायचं तर वाक्य चांगलं झालंय, याचाच जास्त

असो. पाठवलं.

२ ऑगस्ट, शुक्रवार

भाग काल लागला. मामा सेकंड शिफ्टला, अप्पा घोरत होता. मी एकट्यानंच बघितला, आवाज बंद करून. मला वाटलं कुणाला कळणार नाही. मालिका आहे, काहीही घालतात.

आज दुपारी पुन्हा दाखवला. होस्टेलच्या मेसमधे टीव्ही आहे हे माझ्या डोक्यातच नाही.

साडेचारला स्वाती दारात. गणवेशातच. चप्पल काढली नाही.

“ती आली होती का?”

मी म्हटलं, कोण?

“दादा, मला असं विचारू नको. दाताचं खरं होतं. माझ्या तापाचं खरं होतं. मी शाळेत चड्डी उलटी घालून गेले तेबी खरं होतं. तू एकबी गोष्ट मनानं नाय लिहिलेली. मग हे?”

मला त्यातही टोचलं, एकही गोष्ट मनानं लिहिली नाही हे. तेवढ्यात तेही टोचलं. असा माणूस आहे मी.

म्हटलं, आली होती.

“तुला कधीपासनं माहीत?”

सोळाव्या वर्षापासून.

 ती म्हणाली, मेसमधे सगळ्या हसत होत्या, मीबी हसले. शिंक आली तेव्हा मीबी हसले.

३ ऑगस्ट

अप्पा घरी आला तर ती उंबऱ्यात बसलेली. त्याला आत येऊ दिलं नाही. बाहेरच उभा केला, शेजारचे बघतायत, तसंच.

अप्पानं नाही म्हटलं नाही. मी पाच मिनिटं त्याच्याकडं बघत होतो, हा आता नाही म्हणेल, रजिस्टर तर इथं नाहीये. नाही म्हणाला असता तर तिनं मानलंही असतं कदाचित.

तो म्हणाला, आली होती. तू झोपली होतीस. मी दारातून परत लावली.

“मला तेरा वर्षं सांगितलं नाय, आन रजिस्टरमधी लिहून ठेवलं?”

“चार्जमधी लपवायचं नसतं.” अप्पा हे अशा आवाजात बोलला की जणू तिला एवढंही कळू नये. “मशीन बिघडलं, थांबलं, कुणी हात लावला, समदं लिवायचं. पुढच्याला कळलं पायजे. इष्णूला कळायला पायजे व्हतं, ती परत आली तर.”

इष्णू म्हणजे मामा. म्हणजे मामालाही त्या दिवसापासून माहीत, हे तिलाही कळलं.

“मला कळायला नको?”

 तिला रजिस्टर हवं होतं, ती ओळ डोळ्यानं बघायची होती. तिथं मग माझं निघालं. बाइंडिंग नाही, मुंबई. सातही.

अप्पा माझ्याकडं वळला. हात उगारला आणि खाली घेतला. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं फक्त विचारलं, तिचा ताप, तिचं न्हाण आलेलं, तेबी दिलंस?

मी म्हटलं, ते वापरणार नाहीत ते.

स्वाती म्हणाली, “शी.”

६ ऑगस्ट

क्रिएटिव्हला फोन. तो भाग परत दाखवू नका, रजिस्टरं परत पाठवा. म्हणाला, वेडा झालास का, कोठीवाला तुकडा सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतोय, आईचं पात्र कायम करतोय आपण. रजिस्टरं करारात आहेत म्हणे, संदर्भ साहित्य. मी शिव्या दिल्या. मराठीत, मग दखनीत. तो ऐकून घेत होता. मला वाटतं लिहून घेत होता.

काम सोडल्याचा मेसेज टाकला. उत्तर म्हणून अंगठा आला.

संध्याकाळी स्वाती. होस्टेलवर गेलीच नाही ती, पण या दोघांच्या हातचं खातही नाही. म्हणाली, मला आठवतंय आता. आत अंधार होता. झाकणाला भोक होतं. पिठाचा वास.

मी म्हटलं, स्वाती, कोठी मी लिहिली. आपल्याकडं कोठी नव्हतीच कधी, पिठाचा डबा होता. तू झोपली होतीस, अप्पानं सांगितलं ना.

“अप्पा काय, कायबी सांगेल. मग मला वास कसा येतो?”

“तू बघितलंस टीव्हीवर.”

“टीव्हीला वास येतो का?”

तिच्याकडं बघून घाबरलो. खरी आठवण एकच होती तिची, झोपेची. तीही मी काढून घेतली आणि त्या जागी माझा विनोद बसवला.

९ ऑगस्ट

मामा आठ दिवसांनी पहिल्यांदा बोलला. मी चहा घेत होतो.

“तू लिवणारा हायेस. तुला कुठंबी बसून लिवता येतं. हितं नको.”

“मामा, मी ओळ लिहिली नव्हती. अप्पानं लिहिली, तू सही केली. तेरा वर्षं गप तुम्ही बसलात.”

“व्हय. आमी गप बसलो. तिला भाकर घालून गप बसलो.” खुंटीवरचा एप्रन काढला, माझ्या बॅगवर टाकला. “ह्ये बी ने. तुझंच हाय.”

उस्मानपुऱ्यात मित्राच्या खोलीवर आलो. मित्राची आई विचारते, ती मालिका तुमचीच ना? लई हसतो आम्ही.

११ ऑगस्ट, रविवार

स्वाती पाचोडला गेली. एकटी, सकाळच्या एस्टीनं. पत्ता अप्पानंच दिला. इतकी वर्षं मागितला नव्हता, परवा मागितला, त्यानं कागदावर लिहून दिला. वेशीजवळून दुसरं घर, पुढं शेळ्या बांधलेल्या असतात. म्हणजे त्याला आजपर्यंत सगळं माहीत होतं, शेळ्यांसकट.

हे मला अप्पानंच फोन करून सांगितलं. शिवी न देता. म्हणाला, पोरगी तिकडं गेली, तू हिकडं ये. फर्स्ट शिफ्ट सोडून घरी बसला होता. मामाचीही तीच शिफ्ट, तोही बसलेला. दोघं एका शिफ्टला घरी. खोली लहान वाटत होती.

 मी पाणी प्यायलो तर मामानं तांब्या माझ्या हातातून घेऊन जागेवर ठेवला.

सव्वादोनला माझ्या मोबाइलवर तिचा फोन. त्यांना नाही, मला. मागं बाजाराचा कालवा, कुणीतरी कांद्यासाठी ओरडत होतं.

“भेटले.”

मग एका दमात सांगितलं.

“तिचा नवरा बसला होता समोर. सासू होती. पोरं दोन, मोठा माझ्याएवढा उंच. मी नाव सांगितलं. तिनं पाणी दिलं. मी इचारलं, तू आली होतीस का मला न्यायला. तर म्हणली, नाय बाई, मी कधीच नाय आले.”

मी म्हटलं, नवऱ्यासमोर कसं सांगणार ती.

“मीबी तेच म्हणून घेतलं. बाहेर सोडायला येईल, तेव्हा सांगेल. आली बाहेर. शेळ्यांपाशी उभी राहिली. मी म्हटलं, आता कुणी नाय. टीव्हीवर बघितलं, म्हटलं. ‘न्यायला नाही आले, फक्त बघायला आले होते’, असं तू म्हणली होतीस ना? ती बघत राहिली माझ्याकडं. म्हणली, कोण असं बोलतं?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“दादा, दारात ती काय बोलली होती? खरं. रजिस्टरमधी काय होतं?”

“आली होती. गेली. एवढंच.”

“आन बाकीचं?”

“बाकीचं मी.”

“मी त्या वाक्यावर आले इथं,” स्वाती म्हणाली. आवाज चढला नाही. “बघायला तरी आली होती, म्हणून आले.”

फोन ठेवला तिनं.

मी अप्पाला विचारलं. पहिल्यांदाच, समोर बसून. ती दारात काय म्हणाली होती?

अप्पा भिंतीकडं बघत होता. मामा अप्पाकडं.

“सांग की,” मामा म्हणाला. “मला बी कधी सांगितलं नाय तू. ‘गेली’ एवढंच लिवलं.”

“मी तिला बोलूच कुठं दिलं,” अप्पा म्हणाला. “कडी काढली, बघितलं कोण हाय, पोरगी घरी नाय म्हनलो, कडी लावली. ती म्हनत व्हती कायतरी. दारामागनं.”

“काय?”

“म्या नळ सोडला व्हता.”

साडेपाचची गाडी आली, तिच्यात ती नव्हती. मामा अजून स्टँडवरच आहे. मी परत फोन लावला तर वाजतोय, उचलत नाही. उचलला तर तिला हे सांगायचं का, की तिथंच, शेळ्यांपाशी परत जाऊन विचार, तू दारामागून काय म्हणत होतीस. तेवढं एक तिलाच माहीत आहे. सांगितलं तर ती जाईल. आणि ती बाई पुन्हा म्हणाली, मी आलेच नव्हते, तर

वाजतोय.