नाड्या आठ, गाठी चार

प्रिय ताई,

या घरात पायजमे आठ आहेत आणि एकातही नाडी नाही. इथं अमेरिकेत, शॉमबर्गमध्ये, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, पंचेचाळिशीचा एक इंजिनिअर एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात स्वतःचा पायजमा धरून उभा आहे. जग याची दखल घेणार नाही, म्हणून तुला लिहितोय. तू गेलीस, हे माहीत असून. तक्रार दुसऱ्या कुणाकडे करू? मुळात हा उद्योग तुझाच!

नाड्या कार्पेटवर पसरल्या आहेत. तुझी भाची मिताली म्हणते, ती गुणसूत्रं आहेत. एक उचलायला गेलो तर ओरडली, "बाबा, डोन्ट टच! तो माझा सेल आहे!" सेल म्हणजे पेशी.

गेल्या वर्षी नागपूरहून येताना स्वतः शिवलेल्या नाड्यांचं बंडल आणलंस. का, तर म्हणे "तुमच्या त्या इलॅस्टिकनं पोटाला वळ उठतात." आणि मितालीच्या होमवर्कमध्ये नेमकं पेशीविभाजन निघालं. तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलेली बाई गप्प बसते होय? सारख्या लांबीच्या दोन-दोन नाड्या घेऊन तू मधोमध गाठी मारल्यास.

"हे बघ बेटा, पेशी दुभंगायच्या आधी प्रत्येक गुणसूत्र आपली नक्कल काढतं. दोन धागे, पण गाठीशी जोडलेले. एकेक धागा म्हणजे तुमचं क्रोमॅटिड. धागे मोजायचे नाहीत, गाठी मोजायच्या. गाठ एक, गुणसूत्र एक."

"सो, फोर?"

"चार!"

दुसऱ्या दिवशी सकाळी, स्कूलबस यायच्या आधी, मी तो होमवर्कचा कागद पाहिला. चित्रात धागे आठ आणि उत्तर चार! डोळ्यांना दोन दिसतात त्याला एक म्हणायचं? घेतलं रबर, चार खोडलं, आठ लिहिलं. कुणाला न सांगता.

कागद लाल फुली घेऊन परत आला. "आत्या, यू चेंज्ड इट?" मितालीनं विचारलं. चष्मा लावून तू किती वेळ ते उत्तर बघत होतीस! मग माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालीस, "माझंच चुकलं असेल गं. सगळं मराठीतून शिकवलेलं ना."

ताई, एकावर एक दोन शून्यं ठेवून इंग्रजी आठ काढायला मला कुणी शिकवलं? तूच ना? मग तो आठ माझा, हे ओळखलं नाहीस? ओळखलंस, तर बोलली का नाहीस? आणि मी काय करत होतो? मुकाट पोहे खात होतो!

जानेवारीत तार आली. मला तिकीट मिळेपर्यंत तिकडे सगळं उरकलं होतं.

खरं सांगू? मला ते अजून नीट कळलेलं नाही. मितालीचं पुस्तक दोनदा वाचलं. गाठ आहे तोवर दोन धागे मिळून एक गुणसूत्र. गाठ सुटून धागे दोन टोकांना गेले, की प्रत्येक धागा आख्खं गुणसूत्र! धाग्यात काय बदललं? काही नाही! मग आत्तापर्यंत अर्धा होता तो पूर्ण कसा झाला? म्हणजे माझं आठ अगदीच चूक नव्हतं गं, पुढच्या चित्राचं उत्तर मी आधीच लिहिलं होतं. आणि या जोडीदार धाग्यांना इथं 'सिस्टर' म्हणतात. हुबेहूब सारखे, शिवाय भांडण नाही. नाव देणाऱ्याला बहीण नसावी.

उद्या मितालीची टेस्ट आहे. पेशीविभाजन पुन्हा आलंय. आज तिनं गाठी मारल्या आणि मोजायला लागली धागे.

"अगं, गाठी मोज ना."

"नो बाबा, दॅट्स आत्याज मेथड. आत्याची मेथड राँग होती."

मी चहा खाली ठेवला. म्हटलं, "आत्यानं चारच सांगितलं होतं. आठ मी लिहिलं."

ती मोजायची थांबली. मग म्हणाली, "अँड यू लेट हर टेक द ब्लेम?"

या मुलीचं इंग्रजी मला एरवी अर्धंच कळतं. एवढं मात्र पूर्ण कळलं.

मग तिनं बोट ठेवून गाठी मोजल्या. एक, दोन, तीन, चार. मराठीत.

ताई, तुझ्या उत्तराला पुन्हा रबर लावणार नाही. मला कळो वा न कळो.

तुझा धाकटा,
नंदू

ता. क. तो जुना कागद मितालीच्या फाइलीत सापडला. आठावर काट मारून मी शेजारी चार लिहिलंय. पुढे 'हे आत्याचं', आणि काट मारलेल्या आठाखाली माझी सही. पायजम्याला तूर्त सेफ्टी पिन लावली आहे.