तिसऱ्या जोडाकडे पाहणारे पुतळे

वरसे, रोहा
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५, दुपारी साडेतीन

ती. बाबांना निकेशचा नमस्कार.

जेवण उरकून शेडबाहेर लिहायला बसलो आहे. फोन आई उचलते, म्हणून पत्र. मी बरा आहे, खोलीही चांगली आहे. आईचा गुडघा कसा आहे?

इथे टेकडीवर करमणुकीच्या गाडीचा उंचसखल रूळ उभा राहतो आहे. तो तुकडे एकमेकांना जोडून केलेला असतो. आमच्या इंजिनिअर देवयानी मॅडम प्रत्येक तुकड्याचे वेगळे वर्गसमीकरण मांडतात. एक दरीसारखा, पुढचा डोंगरासारखा. चाचणीला माणसांऐवजी बसवायचे चार पुतळे मी केले. जोह्याला गणपती घडवायच्या सवयीने शेवटी डोळेही आखले.

सोबतचा रोशन म्हणाला, "निक्या, डोळे दिलेस ना, आता ते बघणार नाय तर काय करणार?" सगळे हसले.

पहिल्या फेरीनंतर चौघांच्या माना दुसऱ्या जोडाकडे वळलेल्या होत्या. धक्का बसला असेल म्हणून मॅडमनी गणित पुन्हा तपासले. जोडावर दोन्ही तुकड्यांची उंची जुळत होती, उतार जुळत नव्हता. त्यांनी तुकडा बदलला आणि माझी पाठ थोपटली.

तेव्हापासून पुतळे शेडमध्येच आहेत. आज सकाळी दार उघडले, तर चौघेही तिसऱ्या जोडाकडे पाहत होते. मॅडम म्हणतात, तिथे उंचीही बरोबर आहे, उतारही.

रविवारी पहिल्यांदा माणसे बसणार आहेत. त्यांत मी आहे.

रोशन म्हणतो, डोळे पुसून टाक. ओले फडके घेऊन गेलो होतो, बाबा. पण पुसले तर मग बघणार कोण, असे वाटले आणि तसाच परत आलो.

बसू की नको, ते रविवारच्या आत कळवा. आईला फक्त खोलीचे सांगा.

तुमचा,
निकेश