मंगळसूत्रातला पांढरा मणी

गौलीगुडा, हैदराबाद
१२ नोव्हेंबर २००३

प्रिय योगिनी,

परवा फोनवर तू म्हणालीस, की जर्मनीतलं काम सोडते आणि अण्णांजवळ येऊन राहते. तेव्हापासून मी परेशान आहे. फोनवर मला बोलणं सुधरत नाही, म्हणून सावकाश लिहितोय. घरी सगळं ठीक आहे. गॅस बंद केला का, ते दोनदा उठून पाहतो. भातात पाणी जास्त होतं, पण माझ्या दातांना तसाच बरा. तिकडे थंडी पडली असेल, कान बांधत जा.

तू जायच्या आधी आईनं विचारलं होतं, तिकडे नेमकं करणार काय? आठवतं? मी सातवी शिकलेला, माझ्या डोक्यावरूनच जायचं. तू तिचं मंगळसूत्रच हातात धरलंस. प्रोटीन म्हणजे अशीच माळ, म्हणालीस, फक्त मणी वीस जातींचे. मधे या सोन्याच्या वाट्यांसारखा धातूचा कण. खरं काम तो धातू करतो, पण शेजारचे मणी त्याला जसे धरतील तसं. त्याच्याजवळ निसर्गात नसलेला एक मणी ओवला, की धातूची चाल बदलते, न जमणारं कामही जमतं.

तू गेल्यावर तिनं पोत नव्यानं गाठवून घेतली, आणि वाटीशेजारी तुझ्या लहानपणच्या माळेतला पांढरा काचेचा मणी घातला. शेजारच्या सावित्रीबाईंनी कपाळावर हात मारला. काळ्या मण्यांत पांढरा? नवऱ्याच्या जिवावर उठलीस का गं? पुढं मला टायफॉइड झाला. मीच घाबरून म्हटलं, काढ तो. तर म्हणाली, टायफॉइड तुम्हाला नळाच्या पाण्यानं झालाय, माझ्या लेकीच्या मण्यानं नाही.

आई गेली त्या दिवशी तुला विमान मिळालं नाही, त्याचा जिवाला घोर लावून घेऊ नकोस. तू नव्हतीस, म्हणून सांगतो. हिरवी साडी नेसवली, मळवट भरला. वाट्या उतरवून घेतल्या, त्या तुझ्यासाठी कपाटात आहेत. पोत गळ्यातच ठेवायची होती. सावित्रीबाई कात्री घेऊन आल्या, तो पांढरा तरी काढू द्या म्हणाल्या. मी जन्मभर सगळ्यांना भीत आलो. पण तेव्हा म्हटलं, नक्को.

म्हणून हे पत्र. एकट्यानं राहायची मला भीती वाटते, खोटं कशाला लिहू? तिन्हीसांजेला दोन खोल्यांचं घरसुद्धा संपत नाही. तू ये, भेटून जा, पण काम टाकून येऊ नकोस. तिनं तो मणी चितेवरही सोडला नाही, बेटा. तू कसा सोडशील?

तुझाच, काळजी करणारा
अण्णा