शिक्का मिळेपर्यंत मासळी नाही

॥ श्री ॥

करंजाडे, नवी मुंबई
९ जानेवारी २०२४

चि. केयूर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

कालच्या व्हिडिओ कॉलमधलं मला एक अक्षर ऐकू आलं नाही. कानातलं मशीन फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं. मी आपली हसून मान डोलावत होते आणि तू म्हणे विचारत होतास, पोटाचं दुखणं थांबलं का! म्हणून हे पत्र. गीतू त्याचा फोटो काढून धाडेल. तूही लिहूनच पाठव, आणि मराठीत. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांचं शुद्धलेखन तपासलं आणि माझा पोरगा अमेरिकेत जाऊन ‘मी’ ऱ्हस्व लिहितो, शोभतं का हे?

तुझा बेत मला पटला. शेजारच्या कॅनडात जाऊन अमेरिकेच्या व्हिसाचा शिक्का पासपोर्टवर मारून घ्यायचा आणि तिथूनच विमानात बसून घरी यायचं. इथे मुंबईत तारखाच मिळत नाहीत म्हणतोस. आपल्या सोसायटीतला अश्विन आला होता ना बहिणीच्या लग्नाला, तो शिक्क्यासाठी अडकला, तिकडची नोकरी गेली, आता दिवसभर गेटपाशी मोबाईल बघत बसलेला असतो. त्याच्या आईच्या तोंडाकडे बघवत नाही. तेव्हा आधी शिक्का, मग घर. पाच वर्षं थांबले, आणखी थोड्या दिवसांनी काही मरत नाही मी.

आणि ऐक. तुझ्या शिक्क्यासाठी मी इथल्या गावदेवीला बोललेय. शिक्का मिळेपर्यंत मासळी तोंडात घालणार नाही. हसू नकोस! देवगडच्या बाईने मासळी सोडणं म्हणजे काय, ते देवीला बरोबर कळतं. खालच्या मजल्यावरची सुचिता, जिच्या सासऱ्यांच्या शेतावर आपली बिल्डिंग उभी आहे, तीच मला देवळात घेऊन गेली. ही देवी फार वाट बघायला लावत नाही असं ती म्हणते. वेणूबाई मात्र टोपली घेऊन दारात येते आणि मी नको म्हटलं की रुसून जाते. काल सरंगा इतका ताजा होता की मी सरळ दार लावून घेतलं.

पोटाचं म्हणशील तर ॲसिडिटी आहे, दुसरं काही नाही. कानटोपी घालत जा, लाजू नकोस.

तुझी वाट बघणारी,
आई

ता. क. सर्व ठीक. कागदपत्रं दोनदा तपासून ने. – बाबा


कॅनडा
१९ जानेवारी २०२४

ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

मी (बघ, दीर्घ लिहिलाय) मुलाखत देऊन आलो. खिडकीपलीकडची बाई चांगली होती. काम काय करतोस, पगार कोण देतं, असं जुजबी विचारलं, हसली, आणि हातात एक चिठ्ठी दिली. माझ्या अर्जाची आणखी तपासणी व्हायची आहे, तोवर पासपोर्ट त्यांच्याकडेच राहणार. असं बऱ्याच जणांचं होतं म्हणे. कुणाचं आठवड्यात सुटतं, कुणाचं महिनोन् महिने लटकतं, आणि मध्ये कुणाला विचारायची सोय नाही.

म्हणजे आता गंमत बघ. शिक्क्याशिवाय अमेरिकेत परत जाता येत नाही आणि पासपोर्टशिवाय घरी येता येत नाही. मोटेलच्या खोलीत बसून बर्फ बघतोय. मालक नवसारीचे आहेत, रोज डाळभात विचारतात. जेवणाची काळजी करू नकोस.

नवसाचं वाचून आधी खूप हसलो. करंजाड्याच्या देवीला कॅनडाचा पत्ता सापडणार कसा? मग मात्र हसू गेलं. तू खा गं आई. वाटल्यास बाबांना चहा सोडायला लाव, देवी लगेच घाबरून काम करेल. पोटाचं नीट डॉक्टरांना दाखव आणि काय म्हणाले ते मला कळव.

आशीर्वादाचा हात असाच डोक्यावर असू दे.
तुझा,
केयूर


करंजाडे
२ फेब्रुवारी २०२४

प्रिय दादास,
सा. न. वि. वि.

हे मला फोनवर बोलता येणार नाही. मी रडेन, तू ओरडशील आणि आई माझं तोंड बघून ओळखेल. म्हणून तिच्यासारखं लिहून पाठवतेय.

ॲसिडिटी नाहीये दादा. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे आणि तो लिव्हरपर्यंत पोचलाय. ऑपरेशनचं डॉक्टरांनी नावसुद्धा काढलं नाही. किती वेळ आहे विचारलं तर म्हणाले, मुलगा बाहेर असेल तर आताच बोलावून घ्या. आईला सगळं माहीत आहे. ऐकू येत नाही म्हणून तिने डॉक्टरांनाच कागदावर लिहायला लावलं, वाचलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि त्यांना थँक्यू म्हणाली. रिक्षात बसल्यावर मला शपथ घातली. केयूरला शिक्का मिळेपर्यंत कळवायचं नाही. कळलं तर तो सगळं टाकून येईल आणि मग अश्विनसारखा गेटपाशी बसेल. मी शपथ मोडतेय. लागायचं ते पाप मला लागू दे.

आणि तो नवस! तिला काही म्हणजे काही जात नाही. भात समोर आला तरी मळमळतं. खावीशी वाटते ती फक्त मासळी, हे ती स्वतःच कबूल करते. डॉक्टर म्हणतात, जे जाईल ते द्या. मी हातापाया पडले, बाबा चिडले, सुचिता वहिनींनीही देवी समजून घेते म्हणून सांगून बघितलं. ऐकेल तर शपथ. देवीला दिलेला शब्द मीच मोडला तर पोराचं काम अडेल, एवढंच तिचं चालू आहे. बांगड्या कोपरापर्यंत जातात रे तिच्या.

काहीही कर, पण ये. मला हे एकटीला झेपत नाहीये.

तुझी,
गीतू


कॅनडा
६ फेब्रुवारी २०२४

चि. गीतूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचल्यापासून मी पासपोर्ट परत मागतोय. शिक्का नको, नोकरी गेली खड्ड्यात, माझं पुस्तक मला द्या, असं लिहून दिलं. उत्तर येतं, विनंती मिळाली आहे, क्रमाने विचार होईल. दारापर्यंत जाऊन आलो, गार्डने नम्रपणे परत पाठवलं. आपल्या वकिलातीत विचारलं, तर पासपोर्ट हरवलेला नाही म्हणून दुसरा देता येत नाही. त्यांचंही बरोबर आहे. चूक कुणाचीच नाही आणि माझी आई तिकडे उपाशी आहे.

गीतू, मी एक ठरवलंय. उद्या तिला लिहितो की शिक्का मिळाला. ती जेवेल तरी. तू काही बोलू नकोस. बाबांनाही सांगू नकोस, त्यांच्या तोंडावर सगळं दिसतं. आठवड्याभरात पासपोर्ट हातात येईल, मी येईन, आणि मग खोटं होतं की खरं याला काय अर्थ राहणार?

तिला जप. तुझ्यावर सगळं टाकून इथे बसलोय याची मला लाज वाटते.

दादा


कॅनडा
७ फेब्रुवारी २०२४

ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझी देवी जिंकली! आज शिक्का मिळाला. पासपोर्ट हातात येईल तसं तिकीट काढतो. आता एक मिनिट थांबू नकोस. वेणूबाईला हाक मार आणि सरंगा घे, पोटभर जेव आणि जेवलीस की मला लिही. मला दुसरं काही नको.

लवकरच समोर उभा राहून पाया पडतो.
तुझा,
केयूर


करंजाडे
१० फेब्रुवारी २०२४

चि. केयूर यास,
अनेक अनेक अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

अरे सोन्या! गीतूने तुझं पत्र दाखवलं आणि मी आधी देवघरात साखर ठेवली. मग सुचिताला घेऊन रिक्षाने देवळात गेले आणि देवीची ओटी भरली. पायऱ्या चढताना थोडं थांबावं लागलं, पण चढले. सुचिता माझ्यापेक्षा जास्त रडली, वेडी आहे.

आणि मग जेवले! वेणूबाईने सरंगा तर आणलाच, वर मूठभर तिसऱ्या फुकट टाकल्या. पैसे देऊ लागले तर अंगावर आली. गीतूने तुकड्या तळल्या, तिसऱ्यांचं सुकं केलं. मी परत भात मागून घेतला. बाबा समोर बसून एकटक बघत होते, म्हटलं दृष्ट लावाल. काल बांगड्याचं तिखलं झालं. आज कोलंबी.

आता तिकीट कधीचं ते कळव. तुझ्या खोलीतली इस्त्रीची रास बाबांनी हलवली आहे. आणि हे बघ, मी थोडी बारीक झालेय, दारात बघून दचकू नकोस. या वयात बारीक होणं चांगलंच. तुला काय काय करून घालायचं ते मी गीतूला शिकवून ठेवतेय, तिच्या हाताला अजून मिठाचा अंदाज नाही.

आता वाट बघणं सोपं झालं. शिक्का आहे म्हणजे तू येणारच.

तुझी सुखी,
आई

ता. क. दोन वेळा जेवली. शाब्बास. – बाबा


करंजाडे
१९ फेब्रुवारी २०२४

प्रिय दादास,
सा. न.

ती खायची पुन्हा थांबली आहे. आता नवस नाही, आता जातच नाही. डोळे पिवळे झालेत. बराच वेळ झोपून असते, जागी झाली की पहिलं तुझं तिकीट विचारते. मी आधी विमानात जागा नाही म्हणाले, मग ऑफिसने काम काढलं म्हणाले. आता मला सुचत नाही काय सांगू.

काल तिने मला विचारलं, केयूर रागावलाय का माझ्यावर. मी नाही नाही म्हणून हात हलवले. मग तीच माझी समजूत घालायला लागली, की नवीन शिक्का आहे, साहेब लगेच सोडत नसेल, तू त्याला उगाच फोन करून छळू नकोस.

बाबा तर तुझं नाव काढू देत नाहीत. शिक्का हातात असून आईकडे यायला ज्याला जमत नाही त्याच्याशी मला बोलायचं नाही, असं सुचिता वहिनींसमोर म्हणाले. मी भांडी घासत ऐकत होते. दादा, मी खरं सांगू का? सांगितलं तर देवीला फसवलं म्हणून ती हाय खाईल. नाही सांगितलं तर तू आला नाहीस हेच घेऊन जाईल. तूच सांग, मी काय करू.

गीतू


कॅनडा
२२ फेब्रुवारी २०२४

गीतू,

सांग. आत्ता, हे वाचशील तशी जा आणि सांग. दादाला शिक्का मिळाला नव्हता, त्याचा पासपोर्टच त्याच्याकडे नाही, तू जेवावीस म्हणून तो खोटं बोलला, नाहीतर पहिल्या विमानाने आला असता. मोठ्या अक्षरात लिही, तिचा चष्मा लाव. देवीचा कोप झाला तर माझ्यावर होऊ दे. तिला एवढं कळू दे की मला यायचं होतं.

दोन दिवस विचार करत बसलो, तेच चुकलं.

दादा


करंजाडे
६ मार्च २०२४

चि. केयूर यास,
आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही. तुझ्या आईच्या पत्राखाली दोन शब्द लिहायचे, एवढंच माझं काम होतं. आता वरचा कागदही मलाच भरायचा आहे.

तुझं पत्र आलं तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. गीतूने तरी मोठ्या अक्षरात सगळं लिहिलं, चष्मा लावला आणि कागद तिच्यासमोर धरून बसली. हात दुखला की दुसऱ्या हाताने धरायची. मला तेव्हा कळेना की पोरगी काय करते आहे. मी वाचायला गेलो तर तिने वाचू दिलं नाही, आधी आई असं म्हणाली. आईने डोळे उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. तो कागद मी घाटावरून आल्यावर वाचला. तोवर मी तुला जे जे बोललो होतो, ते बापाने पोराला बोलू नये असं होतं. तिच्यासमोरही बोललो होतो. तिने मात्र मला गप्प केलं होतं. पोराचं तिकडे एकदाचं नीट बसलंय, आता त्याला आपल्यासाठी ओढू नका, असं म्हणाली. हे तुला सांगावं की नाही, असा विचार करत होतो. पण या घरात आता कुणी कुणापासून काही लपवायचं नाही.

दहाव्याला खाडीवर गेलो. पिंड ठेवले, कावळा शिवेना. सुचिताने तिच्या परीने सांगितलं, गीतू नीट राहील, दिलीपभाऊंना (म्हणजे मला) आम्ही बघू. काही नाही. मग सगळ्यांना बाजूला करून मी पुढे झालो आणि तिला खरं ते सांगितलं. तुझा पोरगा आला नाही असं नाही, त्याला येता येत नव्हतं. तू जेवावीस म्हणून खोटं बोलला. मोठ्याने सांगितलं, लोक बघत होते, बघू देत. कावळे समोरच्या झाडावर होते. एकही खाली आला नाही. ऊन चढलं तेव्हा गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला. लोक समजूत घालत होते की हल्ली असं बऱ्याच ठिकाणी होतं. होत असेल.

तुझा पासपोर्ट शिक्क्याशिवाय परत आला, असं गीतूने सांगितलं. आईची इच्छा होती म्हणून आधी पुन्हा अर्ज करू आणि मग घरी येऊ का, असं तू तिला विचारलंस. नको. ये.

ती शेवटचं पोटभर जेवली ती तुझ्या खोट्यामुळे. मी समोर बसून पाहिलं आहे, काटे चोखून खाल्ले तिने. आणि तू मुद्दाम आला नाहीस असं समजून गेली, तीही त्याच खोट्यामुळे. मला तुझ्यावर रागावता येत नाही आणि रागावल्यावाचून राहवतही नाही. पत्रात हे मिटायचं नाही. समोर ये.

तुझे,
बाबा