मामांनी आवळलेला स्क्रू

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. तुझी कंबर एव्हाना सरळ झाली असेल आणि वहिनींचा खोकलाही गेला असेल. आम्ही खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो.

मामांना (म्हणजे तुझ्या वडिलांना, हवापालटासाठी तूच पाठवलंस, विसरला नसशील) येत्या रविवारी येऊन घेऊन जा. गॅसच्या गोदामात तीस वर्षं काढलेल्या माणसाला उघडं काही बघवत नाही. ते आल्यापासून साखरेचा डबा उघडायला मला पक्कड लागते. तेही सोसलं. पण माझ्या बोटीच्या इंजिनाला पेट्रोल पुरवणारी जी सुटी टाकी आहे ना, तिच्या झाकणावर हवेचा एक स्क्रू असतो. इंजिन चालू असताना तो सैल हवा, नाहीतर टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. मामा तो गुपचूप आवळतात. चार दिवस बोट भर पाण्यात बंद पडत होती. मी प्लग बदलले, नळी बदलली, नळीवरचा रबरी फुगा दाबून दाबून अंगठा सुजवून घेतला, मेकॅनिकशी भांडलो (तो आता माझा फोन उचलत नाही). आणि मामा शेजारी बसून म्हणायचे, इंजिनाला दम लागला असेल.

मंगळवारी प्रवासी बोटीच्या परवान्याची तपासणी होती. परवाना नाही मिळाला तर बोट विकावी लागेल, हे तू जाणतोसच. तपासनीस बाई बोटीत, मामाही (आग्रहाने) बोटीत, आणि ऐन मध्यावर इंजिन गप्प. टाकीच्या दोन्ही बाजू आत ओढल्या गेल्या होत्या. बाईंनी दोन बोटांनी स्क्रू सैल केला आणि इंजिन सुरू झालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मामा शांतपणे म्हणाले, "मीच बंद केला. वास येत होता."

निकाल अजून यायचाय. तू रविवारी ये म्हणजे ये.

तुझा त्रासलेला धाकटा आतेभाऊ

ता. क. एक सांगायचं राहिलं. धक्क्याला लागल्यावर बाईंनी विचारलं, काम संपल्यावर हा स्क्रू कोण बंद करतं? मी कधीच करत नसे. टाकी बोटीतच काठोकाठ भरायची आणि नंतर तशीच शेडमध्ये, चहाच्या स्टोव्हपासून चार हातांवर ठेवून द्यायची, ही माझी पद्धत. मामा आल्यापासून टाकी खाली जमिनीवर ठेवून भरतात, वर जागा सोडतात, काम झालं की नळी काढतात आणि टाकी स्टोव्हपासून लांब नेतात. हे सगळं ऐकून बाई मला म्हणाल्या, "यांच्यामुळे तुम्ही शाबूत आहात." मामा आठवड्यात पहिल्यांदा हसले.

ता. क. २. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात परवाना आला. अट एकच: स्क्रू उघडणार मी, बंद करणार मामा, आणि दोघं असल्याशिवाय बोट सोडायची नाही. तेव्हा रविवारी ये, पण मामांना न्यायला नको. त्यांचे उरलेले कपडे आण, आणि एक मोठी पक्कड.