न ऐकू आलेली सात मिनिटं

४ जानेवारी

ति. आत्यास,
भुंग्याचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने घालतेस, म्हणून आपलं पत्रच बरं. मागच्या वेळी मी एवढंच म्हणाले की एक जण तयार झालाय. तू बाबांना कळवलंस, लग्न ठरलं!

तो एक जण म्हणजे चित्रपटांचा वितरक. हॉस्पिटलच्या लाँड्रीत दोन हिवाळे काढून मी जो चित्रपट केला, तो त्याला आवडला. पण शेवटची सात मिनिटं काढून टाक म्हणतो. त्यात लाँड्रीच्या मुख्य, ज्यांना सगळ्या मोठ्या बाई म्हणतात, त्या आणि एक धाकटी कामगार समोरासमोर उभ्या राहून चादरींच्या घड्या घालतात. मागे मशीन धडधडतंय, बोलत कुणीच नाही. तो म्हणाला, लोकांना वाटेल चित्रपट अडकला. शिवाय दहा वर्षं सगळे हक्क त्याचे. मी हात जोडले आणि निघाले.

आता मी चित्रपट स्वतःच विकणार. वेबसाइट केली आहे. पैसे भरायचे, डाउनलोड करायचा, मग तो तुमचा. हवा तेव्हा पाहा. बाबांचं म्हणणं, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलीस. लागले खरी. पण पाय माझे आहेत.

पहिला मान लाँड्रीतल्या बारा जणींना दिला. त्यांच्या विश्रांतीच्या खोलीत दाखवला, केवढ्या टाळ्या वाजवल्या त्यांनी! आता तुझा नंबर. सोबत कागदावर सगळ्या पायऱ्या लिहून दिल्या आहेत. स्तुती नको, खरं ते लिही.

तुझा लोभ मी गृहीतच धरलाय,
भुंगा

१९ जानेवारी

चि. भुंग्यास,
अनेक उ. आ. वि. वि.

तुझा चित्रपट सकाळी डाउनलोडला लावला. जेवणापर्यंत नव्वद टक्के आला आणि तुटला. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा मी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले, तेव्हा कुठे मुकाट आला. माझ्यासारख्या मंद इंटरनेटवाल्यांसाठी लहान आकाराचा काही तरी कर बाई. तुझ्या दुकानाचा उंबरठा फार उंच झालाय.

आता खरं ते. दिसायला तुझं काम देखणं आहे. वाफेतून बाहेर येणारे ते हात मी विसरणार नाही. पण मला त्यातला एक शब्द कळला नाही. मशीन गरजतंय आणि बायका बोलताहेत, एवढंच कळलं. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून परक्यांची बोलणी जोडून दिली, त्यात माझे कान गेले. त्याचं रडगाणं नाही. मागणी साधी आहे: बोललेले शब्द खाली लिहून दे. इतर चित्रपटांत परक्या भाषेसाठी लिहितात, तसे आपल्याच भाषेत लिही.

आणि एक. मी एक्स्चेंजमध्ये कान गमावले तर त्या बारा जणींनी त्या गदारोळात काय कमावले असतील? त्यांना तुझा चित्रपट ऐकू आला का? टाळ्या तर मीही वाजवल्या असत्या.

राग आला तर माझ्यावर काढ, कामावर नको. लोभ आहेच, तो असल्या पत्रांनी कमी होऊ देऊ नकोस.
आत्या

२ फेब्रुवारी

ति. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

राग आला. दोन दिवस आला. तिसऱ्या दिवशी लाँड्रीत गेले आणि सरळ विचारलं. मोठ्या बाई हसल्या. म्हणाल्या, ऐकू कसलं येतंय, पण आमचे हात फार छान दिसले. मग सांगितलं का नाही, म्हटलं. तर म्हणाल्या, तू एवढी राबली होतीस, तुझं तोंड कशाला उतरवायचं? आत्या, मी दोन वर्षं त्यांच्यात होते गं. मला कळायला नको?

लगेच सबटायटल्सच्या कामाला बसले. लॅपटॉप घेऊन त्यांच्याच खोलीत. आणि तिथे मला एक नवल कळलं. मशीन चालू असताना त्या कानाने ऐकतच नाहीत. आवाज न काढता तोंड मोठं हलवून बोलतात आणि एकमेकींचे ओठ वाचतात. जिथे मला नुसती धडधड ऐकू येत होती, तिथली वाक्यं त्यांनी पडद्यावरून फडाफडा वाचून दाखवली.

शेवटच्या सात मिनिटांशी आलो तेव्हा मी म्हटलं, इथे कुणी बोलत नाही, सोडून देऊ. धाकटीला हसू आवरेना. म्हणाली, बोलत नाही कसं? आम्ही अखंड बोलतोय! तिने वाचायला सुरुवात केली. आधी माझ्याचबद्दल होतं: ही पोरगी सकाळपासून उपाशी उभी आहे, हिला कोण सांगणार जेव म्हणून. सगळ्या खिदळल्या. मग धाकटी एकदम थबकली. मोठ्या बाईंनी पडद्यावर तळहात ठेवला, उठल्या आणि बाहेर गेल्या.

पुढे काय आहे ते मला ठाऊक नाही. माझ्याच चित्रपटात, मीच टिपलेलं. दोनशेच्या वर लोकांनी तो विकत घेतलाय. त्यांतल्या कुणाला ओठ वाचता येत असतील तर? धाकटीला विचारलं तर ती सांगेल असं वाटतं. विचारू का?

तुझ्या उत्तराची वाट पाहणारी,
भुंगा

११ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,
अ. उ. आ.

नाही. धाकटीला विचारायचं नाही.

एक्स्चेंजमध्ये पहिल्याच दिवशी आमच्या पर्यवेक्षक बाईंनी बजावलं होतं: कानावर पडलं म्हणजे ते आपलं झालं, असं नाही. तुझ्या कॅमेऱ्यात पडलं, तेही तुझं झालेलं नाही. ज्यांचं आहे त्या देतील तर घे. नाही दिलं तर ती सात मिनिटं तुझ्या कामातून काढून टाक. वितरकाला जे दिलं नाहीस ते मोठ्या बाईंना द्यायला लागलं तर मान खाली घालू नकोस. आणि तोवर विक्री थांबव. आजच.

त्यांच्याकडे जा, पण कॅमेरा घरी ठेव. लॅपटॉपही. नुसती जा, घड्या घालायला मदत कर. तुला चादरीची घडी येत नाही हे मला माहीत आहे. लहानपणी तू तिचं गाठोडं करायचीस. शिकशील.

तुझ्या बाबांनी चित्रपट दोनदा विकत घेतला, हे तुला सांगायचं नाही असं मला बजावलंय. म्हणून सांगत नाही.

धीर सोडू नकोस. तू वाईट केलेलं नाहीस, अर्धवट केलंयस. अर्धवट पुरं करता येतं.
तुझी आत्या

६ मार्च

ति. आत्यास,
शि. सा. न. वि. वि. आणि आज दोन जास्तीचे.

विक्री त्याच दिवशी थांबवली. लाँड्रीत रोज जात राहिले. पहिले दोन दिवस मोठ्या बाई माझ्या घड्या उलगडून पुन्हा घालत होत्या. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी स्वतःच बोलल्या. ते चित्रण झालं त्या दिवशी कानाच्या डॉक्टरने त्यांना सांगितलं होतं, उजवा कान गेला, डावाही जाणार. त्यांनी ते फक्त धाकटीला सांगितलं आणि घरी कळू द्यायचं नाही अशी शपथ घातली. घरी मुलांना वाटतं, आई हल्ली तुसडी झालीय, हाक मारली तरी बघत नाही. त्यांना तुसडेपणा परवडला, कीव परवडली नसती.

मी म्हटलं, सात मिनिटं काढून टाकते. आत्या, त्या माझ्यावर उखडल्या! म्हणाल्या, माझं तोंड आहे, माझे शब्द आहेत, तू कोण काढणारी? फक्त रविवारपर्यंत थांब.

रविवारी त्यांनी दोन्ही मुलांना बोलावलं, चित्रपट लावला आणि शेवटी पडद्याशेजारी उभं राहून स्वतःचे ओठ स्वतःच मोठ्याने वाचून दाखवले. सोमवारी मला शब्दन् शब्द सांगितला. मी एक वाक्य जरा नीटनेटकं करून लिहिलं, तर म्हणाल्या, मी असं बोलत नाही. खोडलं.

नवी फाइल वेबसाइटवर चढवली. लहान आकाराचीही, तुझ्या उंबरठ्यासाठी. आधी घेतलेल्या प्रत्येकाला पत्र धाडलं: माझ्याकडून चित्रपट अर्धा गेला होता, पुरा फुकट घेऊन जा. दुसऱ्याच्या हाती दिला असता तर हे जमलंच नसतं. आणि लोक येताहेत, आत्या! छापखान्यातला एक मशीनवाला, कर्णबधिर मुलांच्या शाळेतल्या एक शिक्षिका, गिरणीतून निवृत्त झालेल्या दोघी बहिणी. त्या बहिणींनी लिहिलंय, तुमच्या सबटायटल्समध्ये एक चूक आहे, चौथ्या मिनिटाला धाकटी दुसरंच काही म्हणते. धाकटीला विचारलं. लाजली. चूक होती. ती सुधारली नाही, कारण शिवी होती.

वितरक पुन्हा आला. सात मिनिटं राहू देत म्हणाला. मी म्हटलं, थिएटरात खुशाल लावा. डाउनलोडचं दुकान माझं राहील. विचार करून सांगतो म्हणाला. करू दे सावकाश.

लोभाला उधाण येऊ दे,
भुंगा

१५ मार्च

चि. भुंग्यास,
अ. उ. आ., आणि मोठ्या बाईंना माझा नमस्कार.

या वेळी एका दमात उतरला. शेजारच्या शिंपीणबाईंना बोलावून दोघींनी पाहिला. शेवटच्या सात मिनिटांत दोघींपैकी कुणी जागची हलली नाही. धाकटी विचारते, आता तुमच्याशी बोलायचं कसं? आणि मोठ्या बाई घडीचं टोक जुळवत म्हणतात, तू आपली बोलत राहा, मला दिसतंय. तिथे मी चित्रपट थांबवला. शिंपीणबाई म्हणाल्या, बिघडला का? म्हटलं, नाही, जरा वेळ राहू द्या.

दहा वर्षं झाली, मी माणसांना पुन्हा सांगा, मोठ्याने सांगा म्हणत आलेय. लोक दोनदा सांगतात, तिसऱ्यांदा म्हणतात, जाऊ दे, काही विशेष नव्हतं. असं ‘काही विशेष नव्हतं’ किती साठलंय, ते मोजलं नाही. त्यांच्या तोंडाकडे बघावं, हे मात्र मला कधी सुचलं नाही.

तर असं कर. मोठ्या बाईंना विचार, शिकवणी घ्याल का? विद्यार्थिनी वयस्कर आहे, पण उद्धट नाही. हो म्हणाल्या तर पुढच्या सोमवारी मी तुझ्याकडे येते आणि चांगली महिनाभर राहते. बदल्यात चादरींच्या घड्या घालीन. मला येतात.

तुझी,
आत्या