वरचा मजला जवळजवळ माझाच

१४ जानेवारी
वाळवंटाची धूळ आलीय, घसा खवखवतोय. तरी निश्चय केला: वाड्याचा वरचा मजला भाड्याने आपणच घ्यायचा. दोन खोल्या, गॅलरी, समोर समुद्र. सगळं आक्रा शहर हल्ली आमच्या जेम्सटाउन वस्तीत कॉफी प्यायला येतं, आणि मी अकरा वर्षं खाली, न्हाणीघराला लागून!
उद्यापासून पहाटे चालायला जाणे.

१५ जानेवारी
चालणं रद्द. धूळ.
घरमालकीण डेडेई मावशींकडे विषय काढला. म्हणाल्या, बघू. म्हणजे नव्वद टक्के झालंच.

२ फेब्रुवारी
वर सुतार लागले. मावशी माझ्यासाठी एवढं करताहेत, मला राहवेना. मदतीला गेलो. ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवणार होत्या, थांबवलं. जुन्या लाकडी झडपाच ठेवा म्हटलं, बाहेरच्यांना जुनंच आवडतं. खाली कॅफे काढा असंही सुचवलं. माझी खोली रिकामी होणारच आहे. मावशी म्हणाल्या, ओटू, तुला बरंच कळतं रे. कळतंच.
फाटकापाशी केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उंडे, नि तळलेली मासळी विकणारी अज्जेली म्हणते, हे सगळं परदेशी भाडेकरूंसाठी चाललंय. तिला मासळीपलीकडे काय कळतं!

१९ फेब्रुवारी
वरचे फोटो मी काढले. मावशींचा हात हलतो. जाहिरातही मीच लिहिली. दहा जणांनी मागितल्याशिवाय मला देण्यात त्यांना तरी काय मजा? एक अट टाकली: कंपनीच्या नोकरीचं पत्र असेल त्यांनीच फोन करावा. फालतू गर्दी कटेल. माझं काम सल्ल्याचं, त्याला पत्र लागत नाही, आणि मावशी मला ओळखतातच.
पडदे बघून आलो. निळे.

६ मार्च
निळे नकोत. पांढरे. दिवसभर एका जागी बसवत नाही. वर जाऊन गॅलरीत चारदा उभा राहिलो. चौथ्यांदा सुताराने हाकललं.

८ मार्च, दुपारी ४
मावशींचे थोरले काका अब्लाडे आजोबा दोन साक्षीदारांसह येताहेत. हातात श्नॅप्स दारूची बाटली! बाटली आणतात म्हणजे काम पक्कं. शर्ट बदलतो.

८ मार्च, ६
रीत अशी की पाहुण्यांना आधी पाणी द्यायचं, मग काय निमित्ताने आलात ते विचारायचं, निरोप ऐकायचा आणि तो पटला तरच बाटलीला हात लावायचा. लहान पोरालाही ठाऊक आहे. मी आनंदाच्या भरात पाणीच विसरलो. आजोबांनी तोंड उघडायच्या आत मी बाटली उघडली, सगळ्यांना ओतली, स्वतः घेतली आणि म्हणालो, तुम्ही म्हणाल ते कबूल.
आजोबांनी पेला न पिताच खाली ठेवला.
“बाळा,” ते म्हणाले, “तुझी समजूत कशी घालायची याचा आम्ही आठवडाभर विचार केला होता. महिनाअखेर तुझी खोली मोकळी हवी. कॅफेसाठी.”
मी म्हणालो, म्हणजे मी वर जाणार. साक्षीदारांनी माना खाली घातल्या.
अज्जेलीला सांगितलं. तिने मासळी उलटायची काडी बाजूला ठेवली.
“भांडला असतास तर आजोबा परत गेले असते रे. तुझ्या बाजूने बोलायला मी तयार बसले होते. तू तर पिऊन मोकळा झालास.”

३१ मार्च
कासोआ, शहराबाहेर. चुलतभावाचा सोफा. इथून जेम्सटाउनला जायचं तर ट्रोट्रोच्या खचाखच मिनीबसमध्ये अर्धा दिवस मोडतो. तात्पुरतं आहे.
मजल्याची जाहिरात मोबाइलवर अजून दिसते. गॅलरीचा फोटो फारच छान आलाय. आवाज बदलून मावशींना फोन केला, मजला रिकामा आहे का? आहे म्हणाल्या, आणि लगेच विचारलं, नोकरीचं पत्र आहे का? मी म्हणालो, पत्राचं एवढं काय!
“नाही हो साहेब, पत्र लागतंच. आमच्या ओटूने घालून दिलेली अट आहे, ती मोडायची नाही.”
आमच्या ओटूने. ऐकून बरं वाटलं. मग फार वाईट वाटलं. राँग नंबर म्हणून फोन ठेवला.